शाळेच्या गेटपाशी कुणी कोसळलं तर: आपलं मूल हाताशी असताना काय करायचं

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. पुण्यातल्या एका शाळेच्या मागच्या गेटपाशी नेहमीची गर्दी होती. स्कूटरवरून उतरणारी पोरं, व्हॅनवाल्या काकांचे हॉर्न, कुणाचा डबा विसरलेला, कुणाची पाण्याची बाटली गळतेय. मी मुलीच्या दप्तराचा बंद नीट करत होते, तेवढ्यात पाच-सहा पावलांवर एक आजोबा भिंतीला टेकले आणि तसेच घसरत खाली बसले. मग आडवे झाले. पाचवीतला नातू त्यांच्याबरोबर होता.

पुढच्या दोन-तीन मिनिटांत आम्ही वीस-पंचवीस मोठी माणसं तिथे होतो. कुणी म्हणालं, चक्कर आली असेल. एकाने बाटली उघडून त्यांच्या तोंडात पाणी घालायचा प्रयत्न केला. दोघांनी मोबाइल काढले. एक आई गर्दीतून वाट काढत आली आणि रस्त्यावर गुडघे टेकून छाती दाबायला लागली. ती परिचारिका आहे हे नंतर कळलं. आजोबा वाचले, ते तिच्यामुळे आणि बऱ्यापैकी लवकर आलेल्या ॲम्ब्युलन्समुळे. पण तो नातू सगळा वेळ दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आजोबांचा चष्मा मुठीत धरून. त्याचा हात आमच्यापैकी कुणीच धरला नाही. पुढचे तीन आठवडे तो त्या गेटने आत जायला तयार नव्हता.

तेव्हापासून मी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं, शाळेशी बोलले, पालकांशी बोलले. प्रथमोपचारावर लिहिलेलं पुष्कळ मिळतं, पण त्यात मदत करणारा माणूस मोकळा असतो. सकाळी शाळेपाशी आपण मोकळे नसतो. एका हातात मूल असतं, दुसऱ्या हातात गाडी, पाच मिनिटांत घंटा होणार असते आणि आजूबाजूला शंभर मुलं बघत असतात. म्हणून हा लेख त्याच जागेसाठी आणि त्याच वेळेसाठी लिहिला आहे.

पहिले दहा सेकंद: आपलं मूल आणि आपली गाडी

समोर काहीही झालेलं असो, आधी गाडी बंद करा, स्टँडवर लावा आणि किल्ली काढून घ्या. चालू स्कूटरवर पुढे उभं असलेलं मूल गोंधळात ॲक्सिलरेटर पिळतं आणि एका अपघाताचे दोन होतात. मुलाला उतरवा. स्टँडवरच्या गाडीवर त्याला एकटं बसवून धावू नका. हेल्मेट डोक्यावर असेल तर राहू द्या.

मग मुलाचा हात एखाद्या ओळखीच्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. वॉचमन काका, वर्गाच्या बाई, शेजारच्या बिल्डिंगमधली आई, रोजचे रिक्षाकाका, जो सर्वांत जवळ असेल तो. तोंडाने स्पष्ट सांगा: "हिला आत नेऊन वर्गात सोडा, मी येईपर्यंत बाहेर सोडू नका." मुलालाही एक वाक्य सांगा: "त्या आजोबांना बरं नाहीये, मी मदत करते, तू काकांबरोबर आत जा, मी शाळा सुटल्यावर नक्की येणार आहे." शेवटचा भाग गाळू नका. आई धावत गेली आणि परत दिसली नाही, ही भीती मुलाच्या मनात अपघातापेक्षाही जास्त दिवस राहते.

सोपवायला कुणीच नसेल आणि मूल लहान असेल तर? मग तुम्ही मुलाला घेऊनच थांबा, आणि फोन करण्याचं काम तुमचं. त्यात कमीपणा काही नाही. तीन वर्षांचं मूल रहदारीच्या रस्त्यावर सोडून दुसऱ्याला वाचवायला जाणं चुकीचंच आहे.

आणि ज्याला काही झालंय त्याच्याबरोबर मूल असेल, तर त्या मुलाचं नाव विचारून हात धरणारं एक माणूस लगेच ठरवा. त्याला घेऊन चार पावलं बाजूला जायचं, पण पूर्ण दूर ओढायचं नाही. आजोबा दिसले नाहीत तर ते आणखी घाबरतं.

जवळ जाण्याआधी रस्ता बघा

शाळा भरतानाचा रस्ता फार अवघड असतो. बस मागे घेतली जात असते, उशीर झालेला कुणीतरी उलट्या बाजूने येत असतो. रस्त्यावर पडलेल्या माणसापाशी वाकलात की तुम्हीही मागून येणाऱ्याला दिसत नाही. दोन माणसांना गाड्या अडवायला सांगा, दोन्ही बाजूंना वीस-वीस पावलांवर, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. एखादी चारचाकी तिरपी लावून चारही इंडिकेटर चालू ठेवले की उत्तम आडोसा होतो.

नाकाला पेट्रोलचा वा गॅसचा वास येतोय का बघा. शाळेच्या बऱ्याच व्हॅन सीएनजीवर चालतात. वास आला तर आधी व्हॅनमधली सगळी मुलं उतरवून वाऱ्याच्या उलट दिशेला लांब न्या, इंजीन बंद, कुणी काडी वा लायटर पेटवायचा नाही, आणि 101 वर अग्निशमन दलाला फोन. दप्तरं नंतर.

पावसाळ्यातला धोका वेगळा. आपल्याकडे बहुतेक भागांत शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, म्हणजे पहिला पाऊस आणि शाळेचा पहिला आठवडा बरोबरच येतात. गुलमोहराची फांदी पडते, तिच्याबरोबर वीजतार खाली येते. पडलेली तार जिवंत आहे असंच धरून चाला. किमान दहा मीटर लांब राहा, पाण्याचं डबकं तारेला लागलं असेल तर त्याच्या कडेपासूनही लांब. ओलसर बांबूने तार बाजूला सारायचा उद्योग करू नका, तशी माणसं गेलेली आहेत. महावितरणला आणि 112 ला कळवा. तार गाडीवर पडली असेल तर आतल्यांनी आतच बसून राहायचं, पत्र्याला हात न लावता, पुरवठा बंद झाल्याचं कळेपर्यंत.

फोन: कुणी करायचा, काय सांगायचं

"कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" असं गर्दीत ओरडलं तर प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने बोलावली. एका माणसाकडे बोट दाखवा: "दादा, निळा शर्ट, तुम्ही 108 लावा आणि इथे माझ्याजवळ उभं राहून बोला." दुसऱ्याकडे बघून: "ताई, तुम्ही चौकाच्या कोपऱ्यावर थांबा, ॲम्ब्युलन्सला हात करून इकडे वळवा." तिसऱ्याला: "वॉचमन काकांना सांगा, बसेस पुढे काढा, वाट मोकळी हवी." नावं माहीत नसली तरी चालतं. कामं वाटली की माणसं ऐकतात, ती फक्त कुणी सांगण्याची वाट बघत असतात.

महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे, ती मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. 112 वर पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत एकाच ठिकाणाहून मिळते. आजारपण वा जखम असेल तर मी 108 लावते, भांडण, मारामारी किंवा गाडी पळून गेली असेल तर 112. राष्ट्रीय महामार्गाला लागून शाळा असेल तर 1033 हा महामार्गाचा मदत क्रमांकही ध्यानात ठेवा.

फोनवर सगळ्यात जास्त गोंधळ पत्त्याचा होतो. एकाच नावाच्या शाळेच्या शहरात चार शाखा असतात आणि प्रत्येक शाखेला दोन गेटं. म्हणून असं सांगा: "अमुक शाळा, अमुक शाखा, मागचं गेट, दत्तमंदिराच्या बोळात, मुख्य रस्त्याकडून आलात तर डाव्या हाताला. साधारण पासष्ट वर्षांचे गृहस्थ कोसळलेत. हाक मारली तर उत्तर देत नाहीत. श्वास नीट चालत नाही. मी याच नंबरवर आहे." मग फोन स्पीकरवर टाका आणि समोरचा सांगेपर्यंत ठेवू नका.

आपल्याच गाडीतून न्यावं की थांबावं? हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. माझा अनुभव आणि शिकवणाऱ्यांचं सांगणं असं: श्वास बंद असेल तर जागेवरच छाती दाबत राहायचं, रिक्षात कोंबून नेताना ते जमत नाही. उंचावरून पडलेला, गाडीने उडवलेला, मान वा पाठ दुखतेय म्हणणारा माणूस असेल तर त्याला वळवून-वाकवून मागच्या सीटवर घालायचं नाही. बाकी वेळी, माणूस शुद्धीवर आहे, बसू शकतो, हॉस्पिटल दोन मिनिटांवर आहे आणि 108 वाले वीस मिनिटं सांगतायत, तर त्यांनाच विचारून गाडीने न्या.

माणूस कोसळला असेल

गुडघ्यांवर बसा. दोन्ही खांदे हलवून मोठ्याने हाक मारा: "आजोबा, ऐकू येतंय का?" उत्तर नाही, तर हनुवटी वर उचलून डोकं जरा मागे करा आणि दहा सेकंद छातीकडे बघा. छाती वरखाली होत नसेल, किंवा मधूनच माशासारखं तोंड उघडून आचके येत असतील, तर श्वास चालत नाही असं समजा. आमच्या आजोबांना तसेच आचके येत होते, आणि गर्दीतला प्रत्येक जण म्हणत होता, "घोरतायत, श्वास आहे." तीच मिनिटं वाया गेली.

आता छाती दाबायची. माणूस पाठीवर, कडक जमिनीवर. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा भाग, ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. मोठ्याने मोजा, एक, दोन, तीन, म्हणजे लय सुटत नाही आणि आजूबाजूच्यांनाही कळतं की काम चालू आहे. खरोखर दमायला होतं, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. ज्यांनी शिकलेलं नाही त्यांनी तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत पडू नये, नुसतं दाबणंही पुष्कळ आहे. बरगडी मोडेल ही भीती वाटते. मोडूही शकते, पण बंद पडलेल्या हृदयापुढे मोडलेली बरगडी ही फार छोटी गोष्ट आहे.

कोसळलेली व्यक्ती बाई असेल तर पुरुष मागे सरतात आणि बाया पदर सारखा करत बसतात. हे मी एका दुसऱ्या प्रसंगात बघितलं आहे. दोन जणींनी ओढणी धरून आडोसा करा आणि दाबायला सुरुवात करा. पदर नंतर सारखा करता येतो.

मुलाचा श्वास थांबला असेल तर थोडा फरक आहे. मोठ्यांत बहुधा हृदय आधी बंद पडतं, मुलांत बहुधा श्वास आधी अडकतो. म्हणून मुलाला श्वास देणं महत्त्वाचं: 30 दाबांनंतर 2 श्वास, प्रत्येक श्वासाला छाती जराशी वर आली की पुरे. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश इतका, लहान मुलाला एका हातानेही होतो.

आजूबाजूला मेट्रो स्टेशन, मॉल किंवा मोठं ऑफिस असेल तर तिथे हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र असू शकतं, एकाला पळवा. यंत्र स्वतः बोलून काय करायचं ते सांगतं.

आणि तोंडात पाणी घालू नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजणं ही आपल्याकडची सर्वांत प्रेमाने केली जाणारी चूक आहे. ते पाणी फुप्फुसात जातं.

श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, आणि मार लागलेला नाही, असं असेल तर त्यांना हलकेच कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून टेकवा, म्हणजे उलटी झाली तरी ती बाहेर पडेल.

शुद्धीवर असलेल्या आजी-आजोबांबद्दल एक गोष्ट मला वेगळी सांगायची आहे. आपल्याकडे सकाळी मुलं सोडायला जाणाऱ्यांत आजी-आजोबा खूप असतात. त्यातल्या अनेकांना मधुमेह असतो, आणि नातवाच्या घाईत गोळी किंवा इंजेक्शन घेऊन, काही न खाता ते घरून निघतात. दरदरून घाम, हात थरथरणं, भलतंच बोलणं, चिडचिड अशी लक्षणं दिसली आणि गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर, गूळ, किंवा गोड सरबत लगेच द्या. कोपऱ्यावरच्या टपरीवर साखर मिळतेच. दहा-पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर 108.

छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, धाप असेल तर चालवत नेऊ नका, भिंतीला टेकवून बसवा, शर्टाची बटणं सैल करा. हृदयविकाराचे झटके सकाळच्या तासांत जास्त येतात, त्यामुळे "पित्त झालं असेल" यावर विसंबू नका. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडतोय, शब्द जडावलेत, तर तो मेंदूचा झटका. घड्याळात बघून वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतात.

दुचाकीचे अपघात

गेटपाशी सर्वांत जास्त दिसणारी दुखापत म्हणजे मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकात जाणं. मूल किंचाळतं, आई घाबरून पाय ओढते किंवा गाडी पुढे ढकलते. दोन्ही करू नका. इंजीन बंद करा, दोघांनी गाडी उभी धरून ठेवा, चाक पुढे-मागे फिरू देऊ नका. बुटाची नाडी कापा, बूट सैल करून पाय सहज निघतोय का बघा. निघत नसेल तर जवळच्या गॅरेजवाल्याकडून आरे कापून घ्या, किंवा 101 वर फोन करा, अग्निशमन दलाकडे कापायची साधनं असतात. तोवर एक जण मुलाच्या डोळ्यांसमोर बसून त्याच्याशी बोलत राहील.

पाय निघाल्यावर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका आणि डॉक्टरकडे जाच. टाचेची कातडी त्या दिवशी नुसती खरचटल्यासारखी दिसते आणि तीन-चार दिवसांनी काळी पडते. हाडाला चीर गेलेली असू शकते. "बाम लावून शाळेत पाठवलं" असं करू नका.

ओढणी किंवा स्कार्फ चाकात गुंतून गळ्याला फास बसला असेल तर कापड गळ्याजवळ नाही, चाकाजवळ कापा, मान हलवू नका. त्या बाई उठून बसल्या तरी आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, श्वासाला त्रास होतोय असं असेल तर हॉस्पिटल. गळ्याच्या आतली सूज हळूहळू वाढते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल घडी करून जखमेवर दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. रुमाल भिजला तर त्याच्यावरच दुसरा. हळद, कॉफी, चहापत्ती, काही नको, डॉक्टरला ते सगळं आधी धुवावं लागतं. हेल्मेट घातलेला माणूस श्वास घेत असेल आणि बोलत असेल तर हेल्मेट काढू नका, काच फक्त वर करा. उलटी होत असेल किंवा श्वासच दिसत नसेल तर दोघांनी मिळून, एकाने मान-डोकं घट्ट धरून, दुसऱ्याने हळूच.

डोक्याला आपटलेलं मूल बरेचदा उठून "काही नाही झालं" म्हणतं. शाळा बुडेल, आई रागावेल, या भीतीने. पुढचा दिवसभर त्याच्यावर लक्ष हवं: पुन्हा पुन्हा उलटी, नेहमीपेक्षा जास्त झोप, वाढती डोकेदुखी, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी, तेच तेच विचारणं. यातलं काही दिसलं की लगेच हॉस्पिटल. म्हणून पडलेल्या मुलाला गेटवर सोडून निघून जाऊ नका, आत जाऊन बाईंना नेमकं काय झालं ते सांगा.

लोखंडी गेट लागून दात पडला, तर तो पक्का दात मुळाला हात न लावता वरच्या बाजूने उचला, घासू नका, कपभर गार दुधात टाका आणि तासाभरात दातांच्या डॉक्टरकडे. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो.

फिट आली तर

कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, यातलं काहीही नाकाशी धरायचं नाही. दातांत चमचा घालायचा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आसपासच्या कडक वस्तू दूर करा, डोक्याखाली दप्तर वा स्वेटर ठेवा, घड्याळ बघा. झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं, लागोपाठ दुसरी फिट आली, किंवा पहिल्यांदाच आलेली असेल तर 108. मुलाला फिट येताना लघवी होते, वर्गातली मुलं बघत असतात. एखादी शाल किंवा रेनकोट अंगावर टाका. त्या मुलाला उद्या याच मुलांत बसायचं आहे.

बाकीची मुलं

हे काम शाळेतल्या एखाद्या बाईंना किंवा खेळाच्या सरांना सांगावं, कारण मुलं त्यांचं ऐकतात. एक गेट बंद, दुसऱ्याने प्रवेश. ज्यांनी पाहिलंय त्यांना ओळीत उभं करून आत न्यायचं, बाकीच्यांना आधीच वळवायचं. "बघू नकोस!" असं खेकसलं की मूल हमखास वळून बघतं. "चला, माझ्याकडे बघा, आपण वर्गात जातोय" याने ते चालायला लागतं.

मोबाइल काढलेल्यांना शांतपणे सांगा: "हे कुणाचे तरी आजोबा आहेत, फोन ठेवा." व्हॉट्सॲपवर पालकांच्या ग्रुपात काही लिहू नका, निदान घरच्यांना कळेपर्यंत तरी. आमच्या वेळी त्या मुलाच्या आईला, ऑफिसच्या बसमध्ये बसलेली असताना, ग्रुपवर फिरलेल्या फोटोवरून कळलं. फोटोतला स्वेटर तिने स्वतः विणलेला होता, त्यावरून तिने ओळखलं.

घरी फोन करणं एकानेच. मुलाच्या आयकार्डच्या मागे नंबर असतो. आधी आपलं नाव, मग मूल ठीक आहे का ते, मग काय झालंय, मग कोणत्या हॉस्पिटलमध्ये नेतायत. "लवकर या" एवढंच बोलून फोन ठेवू नका, समोरचा माणूस गाडी वेड्यासारखी पळवतो. "कुणाला तरी बरोबर घेऊन या" असं जरूर सांगा.

पोलिसांच्या लचांडाची भीती

मदत न करण्यामागे ही भीती अजून खूप आहे, आणि एके काळी ती खोटी नव्हती. आता कायदा तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं, 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं आणि 2020 मध्ये त्याचे नियम झाले. रस्ते अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही चुकलं तरी, खटला भरता येत नाही. नाव, पत्ता, फोन देण्याची सक्ती पोलीस वा हॉस्पिटल करू शकत नाही. जखमीला दाखल करून तुम्ही निघू शकता. स्वतःहून साक्षीदार व्हायचं ठरवलंत तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी आणि जागी घ्यायचा असतो. तातडीच्या रुग्णावर उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलेलं आहे. 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजनाही आहे, हॉस्पिटलने पैशांचा विषय काढला तर तिच्याबद्दल विचारा.

शक्य असेल तर एक चिठ्ठी लिहून ठेवा: वेळ, गाडीचा नंबर, कुठली बाजू. दुपारपर्यंत आठवण बदलते. आणि गाडीवाल्याला मारायला जमाव धावला तर त्याला शाळेच्या आवारात घ्या आणि 112 लावा. जखमीला हॉस्पिटलमध्ये न्यायला मदत करणं ही त्या चालकाचीही कायद्याने जबाबदारी आहे. मार खाल्लेला माणूस ती पार पाडू शकत नाही आणि मुलांसमोर दुसरा अपघात घडतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मदत करून झाल्यावर हात थरथरतात. लगेच गाडी चालवू नका. शाळेच्या पायरीवर बसा, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा.

मूल घरी येईल तेव्हा त्याला आधी बोलू द्या. "तुला काय दिसलं?" एवढंच विचारा. मुलांना अर्धंच दिसलेलं असतं आणि उरलेलं ती मनाने भरतात. माझ्या मुलीला वाटत होतं, त्या काकू आजोबांना मारतायत. छाती दाबतात ते हृदय चालू ठेवायला, हे उशीवर दाबून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा निवळला. "आजोबा मेले का?" असं विचारलं तर खरं सांगा. माहीत नसेल तर "माहीत नाही, कळलं की सांगेन", आणि कळल्यावर खरंच सांगा. "आपले आजोबा पण पडतील का?" हा प्रश्न दोन दिवसांनी, बहुधा झोपताना येतो.

पुढचे काही दिवस मूल तेच खेळेल, तेच चित्र काढेल, रात्री जवळ झोपेल. ते स्वाभाविक आहे. महिना उलटूनही शाळेला नकार, रात्री दचकणं, पोटदुखी चालू असेल तर शाळेच्या समुपदेशकांशी बोला. 14416 या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

शाळा सुरळीत चालू असताना करून ठेवायच्या गोष्टी

डिकीत एक छोटी पिशवी: निर्जंतुक गॉझ, क्रेप बँडेज, बोथट टोकाची कात्री, हातमोज्यांच्या दोन जोड्या, ग्लुकोजची पुडी, चॉक, पेन. चॉक रस्त्यावर गाडीची जागा आखायला. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना मापाचं हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा हे नियम 2023 पासून लागू आहेत. साडीचं गार्ड काढलेलं असेल तर परत बसवून घ्या.

घरच्या आजी-आजोबांच्या खिशात एक कार्ड ठेवा: नाव, आजार, औषधं, दोन फोन नंबर, नातवाची इयत्ता आणि तुकडी. आमचे आजोबा बेशुद्ध असताना ते कोण, हे फक्त त्या पोराला माहीत होतं, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

छाती दाबायला मात्र वाचून येत नाही, बाहुलीवर हात चालवूनच येते. रेडक्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांची प्रशिक्षणं असतात, काही हॉस्पिटलंही घेतात. आमच्या पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा पहिल्या वेळी सात पालक आले, आणि शाळेचे दोन वॉचमन. वॉचमन सर्वांत महत्त्वाचे, कारण ते रोज तिथे असतात.

त्याच सभेत ठरलं म्हणून आता मागच्या गेटच्या आतल्या बाजूला, वॉचमनच्या डोळ्यांच्या उंचीवर, प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद लावलेला आहे. त्यावर 108 वर वाचून दाखवायचा पत्ता आहे, बोळाच्या खुणेसकट. त्याखाली तीन ओळी: गेट कोण बंद करणार, कोपऱ्यावर कोण उभं राहणार, आणि ज्याचं माणूस पडलंय त्या मुलाचा हात कोण धरणार. तिसऱ्या ओळीपुढे सध्या ग्रंथालयाच्या बाईंचं नाव आहे. त्या रोज पावणेसातला येतात.